दोन बुजलेले आणि थावरूबाबा

"डाक्टर, तुमी हो हो कोणाले म्हनत व्हते?"

थावरूबाबा माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. त्या वेळी माझी मोटार आखाडा बाळापूरच्या बाजाराच्या तोंडाशी एका बाभळीला टेकून वाफा सोडत होती. मी स्टिअरिंगचं चाक छातीशी ओढून धरून आतच बसलो होतो, आणि ज्या बैलाला मी धडक दिली होती तो बैल त्यांचा होता. अशा वेळी कोणीही शिव्या घातल्या असत्या आणि मी त्या मुकाट ऐकल्या असत्या. हा माणूस आधी बैलाजवळ गेला, मांडीवरची सोललेली जागा पाहिली, एकेक पाय उचलून हाड शाबूत आहे ना ते बघितलं, आणि मग माझ्या दाराशी येऊन त्याने हे विचारलं.

विचारलं ते बरोबरच होतं. आमच्या घरची दमणी, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, मी लहानपणापासून हाकत आलेलो. मोटार हाती येऊन तीनच महिने झाले होते. बैल एकदम समोर आला तेव्हा ब्रेक दाबायचा सोडून मी दोन्ही हातांनी चाक कासऱ्यासारखं मागे ओढलं आणि बैल थांबवतात तसं "हो, हो" म्हणून ओरडलो. मोटारीने ते ऐकलं नाही.

ही गोष्ट एकोणीसशे अडतीसच्या आसपासची. कळमनुरीला माझा दवाखाना होता, पण दर बाजाराच्या दिवशी मी बाळापूरला एका किराणा दुकानाच्या ओट्यावर बसून रोगी बघत असे. ज्यांना कळमनुरीपर्यंत येणं होत नसे अशी आसपासच्या खेड्यांतली माणसं तिथे यायची. दमणीने जायचं तर सगळा दिवस रस्त्यातच जाई, म्हणून एका जमीनदाराने आपली जुनी मोटार माझ्या गळ्यात घातली तेव्हा मी ती आनंदाने घालून घेतली. पुढे माझा ड्रायव्हर गफूर हैदराबादच्या नोकरीवर गेला. जाण्याआधी आठ दिवसांत त्याने मला जे शिकवलं तेवढ्या भांडवलावर मी फिरत होतो.

बैलाला मी तिथेच रस्त्यावर टाके घातले. मोटारही दुरुस्त होऊन दवाखान्यामागच्या शेडमध्ये आली. दुरुस्त झालो नाही तो मी. चाकाला हात लावला की तळहात ओले व्हायचे. एकदा मोटार फाटकापर्यंत काढली आणि तशीच मागे ढकलून आणली. दीड महिना बाळापूरची खेप झाली नाही. लोक ओट्यावर बसून वाट बघतात आणि उन्हं कलली की परत जातात, हे निरोप येत होते. पायाची जखम चिघळलेली एक कुंभारीण तर दोनदा येऊन गेली होती. नांदेडला माझ्या भावाचा दवाखाना होता, तिथे शहरातल्या शहरात पायी भागत असे. मी येतो, असं पत्र त्याला लिहायला घेतलं. मायना लिहून झाला होता.

थावरूबाबांचा तांडा कळमनुरीपासून तीन मैलांवर, बाळापूरच्या सडकेला लागून. बैलाचे टाके बघायला मी भाड्याच्या दमणीतून जात असे. पासष्टी उलटलेला काटक माणूस, पांढऱ्या मिशा, मनगटात चांदीचं जाड कडं. घरात त्यांची गोरमाटी, माझ्याशी मराठी, आणि बैलांशी घशातून काढलेली तिसरीच एक भाषा. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले होते. असल्या शेवटच्या काही खेपांना लहानगे थावरूबाबा पायी चालले होते. पुढे तांडा शेतीला लागला, पण ते मनाने त्या बैलांबरोबरच चालत राहिले असावेत, असं मला नेहमी वाटे.

त्या बैलाचं नाव परधान्या. त्याची जखम भरत आली होती, पण सडकेवरून मोटारीचा आवाज आला की तो दावं तोडून पळायचा. मी त्याची मांडी तपासत होतो तेव्हा बाबांनी विचारलं, "तुमची मोटार कुठं हाय?"

"शेडमध्ये."

"काहून?"

"सध्या वेळ होत नाही."

बाबांनी बैलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "याले बी येळ होऊन न्हाई राहिला सडकेवर जायले," ते म्हणाले.

मला राग आला. शिकल्यासवरल्या माणसाची बैलाशी बरोबरी केलेली कोणालाही आवडत नाही. पण राग ओसरायच्या आतच मी त्यांना सगळं सांगून टाकलं. घाम, फाटकातून मागे ढकललेली मोटार, नांदेडचं पत्र. बायकोलाही जे सांगितलं नव्हतं ते एका गोठ्यात, शेणाच्या वासात सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही धीर दिला नाही, याचं मला तेव्हाही बरं वाटलं होतं.

"तुमी दोघं बी बुजले," एवढंच ते शेवटी म्हणाले. "दोघायचं एकाच खेपंत करू. मोटार इकडं आना."

"ती आणता येत असती तर काय हवं होतं?"

"बैल लावून आनतो की."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खरोखरच बैलजोडी घेऊन दवाखान्यात आले. मोटारीला दोर बांधले, मला चाकाशी बसवलं, आणि कळमनुरीच्या भर पेठेतून ती वरात तीन मैल चालली. दुकानदार फळीवर उभे राहून बघत होते. कोणीतरी "डाक्टर, चारा केवढा लागतो?" असंही विचारलं. लाजेने मी मान वर केली नाही. पण चाक वळवलं की मोटार वळते आणि कोणी मरत नाही, हे तीन मैल माझ्या हातांना कळत होतं. ते बाबांनी मुद्दाम केलं की सहज झालं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

त्यांची रीत अशी होती. नदीला बुजलेल्या बैलाला त्यांच्यात मारत नसत आणि ओढतही नसत. पाठीवरच्या गोण्या उतरवायच्या, नदी नुसती दिसेल इतक्या अंतरावर त्याला उभा करायचा आणि पुढे वैरण टाकायची. भ्यालेलं जनावर तोंड हलवत नाही. ते निवांत खायला लागलं, रवंथ करायला लागलं, की मगच दहा पावलं पुढे. "पाय खोटं बोलते, जबडा न्हाई बोलत," असं ते म्हणत.

तेव्हा शेताच्या कडेला माझी मोटार उभी, शंभर पावलांवर परधान्या, त्याच्यापुढे कडबा; आणि मोटारीत मी, मांडीवर भाकरी आणि पिठलं घेऊन. इंजिन बंद होतं तरी पहिला घास घशाखाली उतरेना. बाबा मधोमध उकिडवे बसून आळीपाळीने आमच्या दोघांच्या जबड्यांकडे बघत होते. चौथ्या दिवशी मी अख्खी भाकरी खाल्ली. त्या दिवशी त्यांनी हँडल मारून इंजिन चालू करायला सांगितलं, आणि परधान्याने कडबा सोडला. मग तो खायला लागेपर्यंत दोन दिवस आम्ही थांबलो. त्या बैलापायी आपली डॉक्टरकी अडून आहे, याचं मला हसूही येई आणि रडूही.

पंधरवड्याने मोटार चालू लागली. पुढे बाबा, त्यांच्या हातात परधान्याचं दावं, आणि मागे मी, माणसाच्या चालीने. एका दुपारी माझा हात चुकून भोंग्यावर पडला. बैल उधळला, दाव्याने बाबांचा तळवा सोलवटला, आणि मी पुन्हा चाक उराशी ओढलं. मोटार बंद पडली म्हणून बरं. मी खाली उतरलो आणि म्हणालो, "बाबा, पुरे झालं. मी नांदेडला जातो."

त्यांनी हाताला माती चोळली. "आज दोघं बी मागं आले. मागं आलं तं आलं, उद्या मागूनच धरू," ते म्हणाले आणि बैल शोधायला गेले. मला थांबवायला त्यांनी एक शब्द खर्च केला नाही. दुसऱ्या दिवशी मी भाकरी बांधून गेलो, आणि आम्ही पहिल्या दिवसासारखे शंभर पावलांवरून सुरू झालो. या वेळी दोघांनाही पहिल्यापेक्षा थोडेच दिवस लागले.

ते माझ्याशेजारी मात्र कधी बसले नाहीत. एकदा आग्रह केला तर म्हणाले, "मी बसलो तं तुमी माझ्या जिवाले भ्याल. मंग शिकाल कवा?"

शेवटी एका बाजाराच्या दिवशी सडकेवर नेहमीसारखे पुढे चालता चालता ते एकदम कडेला सरले, बैल लिंबाखाली घेतला आणि चिलीम काढून बसले. मागे वळून बघितलंही नाही. माझ्यासमोर रिकामी सडक होती. थांबायची सबब उरली नव्हती, म्हणून मी गेलो. बाळापूरच्या बाजाराच्या तोंडाशी गुरं, गाड्या, माणसं, सगळं होतं. माझा पाय ब्रेकवर होता आणि तोंडात सुपारीचं खांड होतं, ते मी चघळत होतो. ओट्यावर लोक बसले होते. त्या कुंभारणीचा पाय मी सगळ्यांत आधी धुतला. तिला फार उशीर झाला नव्हता, हे कळलं तेव्हा मला मोकळं रडावंसं वाटलं.

परतताना मला फार वाटत होतं की बाबांनी बघावं. तांड्याशी मोटार हळू केली, भोंगाही वाजवला. बाबा वखर हाकत होते, जोडीत परधान्या. दोघांपैकी एकानेही मान वर केली नाही. मी जरा हिरमुसलो, आणि मग घरापर्यंत एकटाच हसत गेलो. पत्राचा कागद त्याच रात्री फाडला.

पुढे दहा वर्षं बाळापूरची खेप चुकली नाही. लढाईत पेट्रोल मिळेना तेव्हा मोटार काही महिने उभी राहिली. माझ्यामुळे ती पुन्हा कधी उभी राहिली नाही. परधान्या म्हातारा होऊन गेला. हैदराबाद संस्थान भारतात आलं त्या वर्षीच्या हिवाळ्यात थावरूबाबा गेले. मी ओट्यावर रोगी बघत होतो, तेव्हा तांड्यातला एक माणूस सांगत आला. मी तसाच उठलो. बाजार ऐन भरात होता. बाबांचा चेहरा, त्यांचा आवाज, त्यांना शेवटचं भेटायचं राहून गेलं ही बोच, एवढंच माझ्या मनात होतं, आणि डोळे सारखे भरून येत होते. तांड्यात पोहोचलो, गर्दीतून पुढे जाऊन त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि बाहेर येऊन बसलो. समोर मोटार उभी होती. ती इथवर कोणी चालवत आणली, हे मला क्षणभर आठवावं लागलं.