जावयांचा कॅमशाफ्ट

आमच्या जावयांइतका लोखंडी दांड्यावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या गाझियाबादेत सापडायचा नाही. मी चौथी शिकलेली बाई, पण कॅमशाफ्ट म्हणजे काय ते मला झोपेतून उठवून विचारा. इंजिनाने श्वास कधी घ्यायचा नि किती, हे हा दांडा ठरवतो. त्यावर अंड्यासारखे उंचवटे असतात. ते थोराड असले की गाडी वेगात भन्नाट सुटते, पण सिग्नलला धापा टाकते. बेताचे असले की शहाण्यासारखी चालते. यातला कुठला घ्यावा, यावर जावयांनी वर्ष घातलं. भाच्यासाठी मुलगी बघायला गेलो, तिथेही मुलीच्या बापाशी हेच बोलत बसले. मुलीचं नाव विचारायचं राहिलं. लेक म्हणाली, "मला एका बशी पोह्यांत पसंत केलंस, आणि या दांड्याला वर्ष?" तर म्हणतात, "तेव्हा अनुभव नव्हता, यार."

अडचण अशी, की घरात गाडी एकच. ती घेऊन लेक रोज मानेसरला ऑफिसात जाते. आणि जावयांना ती आयुष्यात एकदा तरी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायची होती. शेवटी लेकीने हिवाळ्यातल्या ट्रॅकच्या एका दिवसापुरता थोराड दांडा मंजूर केला.

आदल्या दिवशी मला चक्कर मारायला नेलं. सिग्नलला गाडी अशी थरथरायला लागली की माझी कवळी वाजली. शेजारच्या ऑटोवाल्याने वाकून विचारलं, "भाईसाहब, इसको बुखार है क्या?" जावई लाजायचं सोडून, पोराचं कौतुक ऐकल्यासारखे हसले.

ट्रॅकवर त्यांचा नंबर कितवा आला ते मी सांगणार नाही, आमचे जावई आहेत ते. पण सरळ पट्ट्यावर गाडी अशी किंचाळत गेली की मी खुर्चीवर चढून उभी राहिले. गुडघे आहेत याची आठवण घरी आल्यावर झाली.

सोमवारच्या आत बेताचा दांडा परत बसला. गाडी आता मुकाट चालते. परवा मला डॉक्टरकडे नेताना सिग्नल लागला, तर जावई कान देऊन बसले. इंजिन सुरू आहे की नाही तेही कळत नव्हतं. म्हणाले, "आई, पुढच्या हिवाळ्यात परत बसवू."

मी म्हटलं, "माझ्या वयात पुढच्या हिवाळ्याचं बोलू नये. या रविवारी बसवा. लेकीला मी सांगते."

जावई वळून माझ्याकडे बघतच राहिले. सिग्नल हिरवा झाला, मागे सगळे हॉर्न वाजवायला लागले, तरी आमची गाडी काही हलेना.