पापण्या दिसेनात

बुरमाकानचा दिवस पहाटे चारला गायीच्या धारेने सुरू व्हायचा. रोट्या भाजून, चूल झाकून ती आठच्या आत कोचकोरच्या बाजारातल्या साग्यनबेकच्या स्टुडिओत पोचायची. फोटो तो काढायचा. फिल्म धुणं, कागदावर छापणं, वाळवणं हिचं. दिवसभर उभ्याने. नवरा गेला त्याला तीन वर्षं झाली होती आणि टेकडीवरच्या त्याच्या थडग्याला अजून दगड नव्हता. चेहरा कोरलेला काळा दगड घ्यायचा, एवढ्यासाठी ती पगारातल्या सोमच्या नोटा बाजूला टाकत होती.

त्या उन्हाळ्यात फोटो पुसट येऊ लागले. सगळे नाहीत. एक लख्ख, तर दुसरा दह्यात बुडवल्यासारखा.

एक म्हातारी थडग्याच्या दगडासाठी नेलेला फोटो परत घेऊन आली. "कोरणारा विचारतो, पापण्या कुठे आहेत? माझा म्हातारा काय पापण्या इथेच ठेवून गेला?"

साग्यनबेकने निगेटिव्ह उजेडाला धरली. ती स्वच्छ होती. "बुरमाकान, ही चूक कॅमेऱ्याची नाही. डोळे दाखवून ये."

"डोळे चांगले आहेत, बाइके." थोरल्या भावाला म्हणावं तसं ती त्याला बाइके म्हणायची.

"महिनाअखेरपर्यंत बघतो. नाहीतर माझ्या भाचीला बसवतो. तिला निदान दिसतं तरी."

ती डॉक्टरकडे गेली नाही. डोळे गेले असं डॉक्टरने म्हटलं की काम गेलं, काम गेलं की दगड गेला. रोज सकाळी अंगणात ती सुईत दोरा ओवून बघायची. पहिल्या फटक्यात ओवला जायचा. सुईचं नेढं दिसतं, मग पापणी का दिसत नाही?

शुक्रवारी दुपारी तिने म्हाताऱ्याचा फोटो पुन्हा छापला. पापणी न पापणी आली. त्या सकाळी तिने मेलेल्यांच्या नावाने तेलात बोर्सोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळले होते. वास वर पोचला, त्यांनी हात दिला, असं तिने धरलं. शनिवारी पुन्हा तळले.

"मेलेल्यांना लठ्ठ करतेस काय?" जाऊ म्हणाली. "तेल जिवंत माणसांनाही लागतं."

शनिवारचे फोटो पुसटच आले.

सोमवारी ती अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायच्या औषधाच्या ट्रेसमोर नुसती उभी राहिली. लाल दिव्यात डेव्हलपरवर बारीक वलयं उठत होती. ट्रेला तिचा हात लागला नव्हता. तिने श्वास रोखला. वलयं थांबेनात. भिंतीपलीकडे शेजारच्या दुकानातल्या एर्मेकचं लोकर पिंजायचं यंत्र धडधडत होतं, याच उन्हाळ्यात आणलेलं. शुक्रवारी दुपारी एर्मेक नमाजाला जातो आणि ते बंद असतं.

तिने भिंगातून एक पुसट फोटो पाहिला. फिल्मचे कण ठिपक्यांसारखे नव्हते, ओढल्यासारखे लांबले होते.

"बाइके, डोळे नाहीत. कागदावर उजेड पडताना टेबल हलतंय."

साग्यनबेकने टेबलावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. "एर्मेक यंत्र बंद ठेवायचा नाही."

"नको ठेवू दे. तो आठला सुरू करतो. मी चारला येते."

"आणि गाय?"

"गाय तीनला उठेल. तिला कुठे फोटो काढायचाय?"

मग कित्येक वर्षं तसंच. हिवाळ्यात बादलीतलं पाणी गोठायचं, डेव्हलपर शेगडीवर कोमट करावं लागायचं. यंत्र सुरू व्हायच्या आत शेवटचा कागद निघेल ना, ही धास्ती रोजची. सगळे कागद निघायचे, पण धास्ती सरली नाही.

शेवटी दगडापुरते पैसे जमले. नवऱ्याची एकच निगेटिव्ह होती, कुरणावरची, हातात घोडीच्या दुधाचा वाडगा घेतलेली. तिने ती पहाटे छापली. चेहरा पुसट. पुन्हा छापली, तरी पुसट. तिने भिंग लावलं. कण टाचणीच्या टोकासारखे होते. टेबल हललं नव्हतं. फोटो काढताना तो हलला होता. हसत होता.

"एजे, यात पापण्या नाहीत," कोरणारा तिला थोरल्या बहिणीसारखी हाक मारत म्हणाला.

"दिसतंय तेवढंच कोर," म्हणत तिने पैशांच्या रुमालाची गाठ सोडली.

दगड टेकडीवर चढला. त्यावरचा चेहरा हसरा आहे, बिनपापण्यांचा.