न वाचलेली अकरावी ओळ

हे मी बरीच वर्षं कुणालाही सांगितलं नाही. पत्नीला नाही, सख्ख्या भावाला नाही. आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवं होतं, त्यांच्यासमोर तर मी दर वर्षी चहा पीत बसलो, तरीही नाही. एका पक्क्या आठवणीच्या माणसाला मी पटवून दिलं, की त्याची आठवण त्याला दगा देऊ लागली आहे. ती देत नव्हती. हे मला बोलतानाही ठाऊक होतं.

पण असं एका दमात लिहिलं की ते मलाच परकं वाटतं. मी आवाज चढवून बोलणारा माणूस नाही. पन्नाशी उलटली, पण हाताखालच्या गवंड्यालाही मी 'अहो' म्हणतो. मग ते केलं कुणी? मला अजून नीट उलगडलेलं नाही. म्हणून थोडं मागून सांगतो.

मी लातूरला राहतो. तळघरात साचणारं पाणी उपसणारे पंप बसवणं हा माझा व्यवसाय. लातूरला असं काम क्वचितच. बहुतेक कामं नांदेडची, नदीकडच्या वस्त्यांमधली. तिथल्या काळ्या मातीत तळघर खणलं, की पावसाळ्यात भिंती पाझरू लागतात. कोपऱ्यात एक खड्डा घ्यायचा, त्यात पंप सोडायचा. पाणी चढलं की तरंगता गोळा वर येतो आणि पंप आपोआप सुरू होतो. इतकंच ते काम. अवघड असतं ते कोटेशन.

आमच्याकडे कोटेशन म्हणजे अर्ध्या पानाचा कागद. वर पंपाची कंपनी, खाली आकडा, आणि तळाशी बारीक इंग्रजीत एक वाक्य — उरलेली कामं पार्टीकडे. उरलेली म्हणजे कोणती, ते भांडण झाल्यावर कळतं. मी तसं करायचं नाही असं ठरवलं होतं. मराठीत लिहायचं, ओळींना आकडे घालायचे, एका ओळीत एकच गोष्ट. खड्डा कोण खणणार. मुरूम कोण उचलणार. पाइप कुठून निघून कुठे सुटणार. पंप काय करू शकणार नाही, तेही. आणि मग पार्टीसमोर बसून सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं. कारण आपल्याकडे कागद वाचला जात नाही, ऐकला जातो. माणूस सही करतो ती वाचणाऱ्याच्या भरवशावर. या पद्धतीचा मला अभिमान होता. अजूनही आहे का? — हे विचारायला नको, पण आहे.

माझे नांदेडचे ग्राहक सोनकांबळे काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण निलंग्याची शेवटची गाडी, कंधारची पहिली, चाकूरला कोणती थांबते नि कोणती नुसती बाहेरून जाते, हे लोक त्यांना रस्त्यात अडवून विचारत आणि ते घड्याळाकडेही न पाहता सांगत. पहिल्या भेटीत त्यांनी माझं गाव विचारलं आणि लातूर ऐकून हसू आवरेना त्यांना. म्हणाले, "लातूरच्या माणसानं पाणी भाईर फेकून द्यायचं म्हंजी — जिवावर येत नसंल का हो, बिरादार?"

घराच्या तळघरात त्यांनी अभ्यासिका चालवली होती. खेड्यांतून आलेली, परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली तिथे दिवसभर बसत. पुस्तकं काकांनी एकेक करून जमवलेली. आणि नोंदवही नव्हती. कुठलं पुस्तक कुणी नेलं, कधी आणणार, कुणाचं गाव कोणतं, कोण कितव्यांदा परीक्षेला बसतंय, हे सारं त्यांच्या डोक्यात. किल्ली त्यांच्या कमरेला. मुलगा प्रदीप कॉलेजात शिकवायचा. त्याला हा व्याप फारसा पसंत नव्हता, पण वडिलांपुढे बोलत नसे.

मी कोटेशन वाचू लागलो तेव्हा काकांनी डोळे मिटून घेतले. झोपले की काय असं मला वाटलं. मग कळलं, ही त्यांची ऐकायची रीत. एकूण बारा ओळी होत्या. दहावी पाइपाच्या जाडीची. अकरावी अशी — वीज गेल्यास पंप चालणार नाही. त्यासाठी इन्व्हर्टरची सोय ग्राहकाने स्वतंत्रपणे करावी. बारावी वार्षिक देखभालीची. दहावी संपली आणि सूनबाई चहा घेऊन आल्या. कप घेतला, साखरेचं विचारणं झालं. मग मी पुन्हा कागद उचलला आणि बारावीपासून वाचू लागलो.

कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगितलं — चहा आला म्हणून. कुणाचंही होईल असं. पण मग मला हे का आठवतं, की कागद उचलताना माझा अंगठा अकराव्या ओळीवर होता? तो हलवला असता तर ओळ दिसली असती. मी हलवला नाही. नांदेडला जोराचा पाऊस आला की वीज जाते, म्हणजे नेमकं पाणी भरतं तेव्हाच पंप बंद पडतो, हे मला ठाऊक होतं. इन्व्हर्टरचं नाव काढलं तर काका म्हणतील, राहू द्या, यंदा नको. टीपॉयवर दुसऱ्या एका कंत्राटदाराचा अर्ध्या पानाचा कागद ठेवलेला होता आणि त्यात इन्व्हर्टर नव्हता. हे मी त्या क्षणी मनाशी जुळवलं का? की अंगठाच आधी थांबला आणि कारणं मी नंतर गोळा केली? खरंच सांगतो, मला कळत नाही. ओळ लिहिण्याइतका मी प्रामाणिक होतो आणि ती वाचण्याइतका नव्हतो. अशा माणसाला काय म्हणतात?

काकांनी डोळे उघडले आणि सही केली.

पण मी ज्याला अपराध म्हणतो तो हा नव्हे. तुम्ही आतापर्यंत हाच समजला असाल. मीही बरीच वर्षं इथेच थांबत होतो. इथे थांबणं सोपं आहे.

दुसऱ्या पावसाळ्यात वीज गेली आणि दिवसभर आली नाही. अभ्यासिकेत पाणी दुसऱ्या फळीपर्यंत चढलं. मला फोन आला तसा मी निघालो, पोचेपर्यंत दुपार झाली होती. मुलं पुस्तकं वर आणून पायऱ्यांवर, कठड्यावर, गच्चीत उघडी करून ठेवत होती. भिजलेली पुस्तकं फुगून दुप्पट झाली होती. प्रदीप संतापलेला होता. पंप काय शोभेला बसवला का, असं त्याने मला विचारलं. मी फाईल काढली. कागद त्याच्या हातात दिला. अकरावी ओळ दाखवली. खाली सही होती.

प्रदीप वडिलांकडे वळला. तुम्हाला हे वाचून दाखवलं होतं ना, म्हणाला.

काका शांतपणे म्हणाले, "न्हाई. धाव्या ओळीत पाइपाची जाडी. मंग चहा आला. मंग येकदम सर्व्हिसिंगचं. ही मधली ओळ म्या ऐकली न्हाई."

शब्दन् शब्द बरोबर होता. चहासकट. डोळे मिटून ऐकलेल्या ओळी त्या माणसाने दीड वर्षानंतर जशाच्या तशा समोर ठेवल्या होत्या, आणि एक ओळ कमी आहे हेही. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला फक्त 'बरोबर आहे' एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "काका, मी वाचलं होतं. तुमच्या लक्षात राहिलं नसेल. या वयात होतं असं, मनाला लावून घेऊ नका."

अगदी हळू म्हणालो. खांद्यावर हात ठेवला. ओरडलो असतो तर कदाचित ते माझ्याशी भांडले असते. पण इतक्या मायेने बोलणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं? त्यांनी कागद पुन्हा हातात घेतला. ओळ पाहिली, सही पाहिली, मग ओळ पाहिली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो — पाहायला नको होतं. स्वतःबद्दलची खात्री माणसाच्या तोंडावरून उतरताना मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. मग ते म्हणाले, "आसंल. कागदावर हाय म्हंजी आसंल बाबा."

कागदावर मी निर्दोष होतो. आजही आहे.

पुढे काय झालं ते मला कुणाकडून ऐकून कळलेलं नाही. मी ते पाहत गेलो. बाराव्या ओळीप्रमाणे दर वर्षी देखभालीला मीच जात होतो. पहिल्या वर्षी काकांच्या खिशात एक छोटी वही दिसली. दूध आलं, लिहायचे. मी पंप तपासून वर आलो, तेही लिहिलं. सूनबाईंनी कौतुकाने सांगितलं, की डॉक्टरांना दाखवून आणलंय, वयोमानाप्रमाणे आहे म्हणतात. दुसऱ्या वर्षी प्रदीपने मला बाजूला घेऊन विनंती केली, की यापुढे फोन त्यालाच करावा. बाबांना काही सांगितलं तर घोटाळा होतो. पुस्तकांची नोंदवही आली होती. तिसऱ्या वर्षी किल्ली काकांच्या कमरेला नव्हती. त्याच भेटीत एक मुलगा उदगीरची गाडी विचारायला आला, तर काका ओठाशी आलेली वेळ गिळून म्हणाले, स्टँडावरच इचार बाबा, माझं काय खरं न्हाई.

ते खरोखर विसरू लागले होते का? असतीलही, वय तर होतंच. की विसरतो आहोत असं मानल्यावर माणूस स्वतःला विचारणंच सोडून देतो? यातलं माझं किती आणि वयाचं किती, हे मला कधीच कळणार नाही. आणि हे न कळणं मला सोयीचंही वाटत आलं, हेही इथे लिहून ठेवतो. दर वर्षी जाताना ठरवायचो, यंदा सांगू. दर वर्षी चहा प्यायचो, पावती द्यायचो, निघायचो.

गेल्या उन्हाळ्यात लातूरच्या एका पंपविक्रेत्याने फिटर आणि लहान कंत्राटदारांना जमवलं होतं. स्पष्ट कोटेशन कसं लिहावं, यावर मी बोलायचं होतं. माझ्या बारा ओळींचा नमुना मी सगळ्यांना वाटला. ज्या कामात तो घडला त्याचं नाव तेवढं काढून टाकलं होतं. जे आपण करणार नाही ते आधी सांगा, असं मी म्हणालो आणि लोक खाली मान घालून लिहू लागले. मग एकाने विचारलं, की पार्टी ऐकलंच नाही म्हणाली तर? मी उत्तर देणार, तोच मागच्या रांगेतून कुणीतरी बोललं, "म्हाताऱ्या पार्टीचं लई सोपं हाय. इसरलात म्हणायचं!" सगळे हसले. मीही हसलो. हसलो, हे मला नीट आठवतं. मग घसा बसला असं सांगून मी खाली उतरलो.

त्याच आठवड्यात रविवारी नांदेडची गाडी पकडली. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होतो, तर प्रत्येक वेळी वाक्यात चहाचा कप येत होता. तो काढला की पावसात जाणारी वीज येत होती. तीही काढली, तर दुसऱ्या कंत्राटदाराचा कागद. सगळं काढून टाकल्यावर इतकं थोडं उरलं, की त्यासाठी एवढ्या लांब जायची लाज वाटू लागली. आणि हे मी कुणासाठी सांगणार होतो? त्यांच्यासाठी, की माझ्यासाठी? पाण्यात गेलेली पुस्तकं तर येणार नव्हती. काकांना आता तो दिवस आठवतही नसेल, तर मी तो पुन्हा त्यांच्यासमोर नेऊन ठेवणं हा आणखी एक अपराध तर नव्हे? नांदेड आलं तरी मला याचं उत्तर सापडलं नव्हतं. न सापडताच मी दार वाजवलं.

काका बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. जयभीम झाला. म्हणाले, "सर्व्हिसिंगला टाईम हाय की अजून," आणि लगेच खात्री करून घेण्यासाठी प्रदीपकडे पाहिलं. टाईम होताच. ते बरोबर होते, आणि त्यांना ते मुलाला विचारावं लागत होतं.

मी सूनबाईंना बोलावून घ्यायची विनंती केली. चहा नको म्हणालो. तिघेही बसले. मी उभाच राहिलो. बोलू लागलो तर आवाज नेहमीसारखाच हळू आला, आणि काकांनी कानामागे हात नेला. मग मी थांबलो. आणि आयुष्यात प्रथमच एखाद्याच्या घरात मोठ्याने बोललो, शेवटच्या खोलीपर्यंत जाईल इतक्या मोठ्याने.

"काका, अकरावी ओळ मी वाचली नव्हती. तुमच्या ध्यानात बरोबर होतं. मी या सगळ्यांसमोर खोटं बोललो आणि तुम्हाला विसराळू ठरवलं. ते मी जाणूनबुजून केलं. मी तुमचा अपराधी आहे."