जुन्या जकात नाक्यातले नरसिंग सर

फोन आला तेव्हा मी नगरपरिषदेत माझ्या टेबलावर घरपट्टीच्या हरकतींचे अर्ज लावत बसलो होतो. दुपारचे साडेबारा झाले असतील. अयोध्याबाईंचा नंबर दिसला. आमच्या प्रशिक्षण केंद्रात मोटर भरायला, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळायला, शिकलेल्या बायकांपैकी त्या एक. काहीतरी दाखला हवा असेल, असं वाटून मी फोन उचलला.

"साहेब, सर गेले."

"कुठं गेले?" मी विचारलं. खरंच विचारलं...

"नांदेडला, सरकारी दवाखान्यात. गेले म्हणजे... गेले ना साहेब, आता काय सांगू."

समोर एक म्हातारे गृहस्थ पावती मागत उभे होते. मी त्यांना पावती दिली, तारीख चुकीची टाकली, परत दुसरी दिली. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. नरसिंग येलमवार हे नाव आमच्या गावाबाहेर कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. पण मला त्यांच्याबद्दल लिहायचं आहे, आणि त्यात माझ्याबद्दलही थोडं येणार आहे. ते टाळून लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं.

आमचं गाव नांदेड जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नगरपरिषदेत शहरातल्या गरिबांना कौशल्य शिकवून रोजगाराला लावायची योजना आली, तेव्हा तो विभाग माझ्याकडे होता. विभाग म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि मी. दरवर्षी वरून पत्र यायचं, आम्ही शिवणकामाचा वर्ग घ्यायचो. नंतर ब्यूटी पार्लरचा. मग पुन्हा शिवणकामाचा. काही गल्ल्यांत घरटी एक शिवणकामाचं प्रमाणपत्र झालं होतं आणि शिवून घ्यायला कुणी उरलं नव्हतं. अशात एके दिवशी एक पन्नाशीचा, सडसडीत माणूस गोणपाटात काहीतरी जड गुंडाळून माझ्या टेबलाशी आला. गोणपाट सोडलं तर आत जळालेली मोटर. त्या वासानं शेजारचे कारकून उठून बाहेर गेले.

"साहेब, ह्या भागात काय जळतंय सांगा बरं रोज?" त्यांनी विचारलं. "मोटरी जळतात. विहिरीवरच्या, बोअरच्या, पिठाच्या गिरणीच्या. व्होल्टेज हायच कुठं? अन् भरायला समद्या नांदेडला जातात. हे शिकवा की लोकांला."

ते मूळचे देगलूरकडचे. हैदराबादला एका कारखान्यात वीस वर्षं मोटर भरायचं काम केलेलं. कारखाना बंद पडला तसे बायकोच्या माहेरी, म्हणजे आमच्या गावी येऊन राहिले. मुख्याधिकारी आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, की अहवालात नवा व्यवसाय दाखवता येईल. बसस्थानकामागचा जुना जकात नाका रिकामा पडला होता. तिथं टेबलं टाकली, वर्ग चालवायला एक एजन्सी नेमली, आणि नरसिंग सर कंत्राटी प्रशिक्षक झाले.

पुरुष कुणी आलेच नाहीत. वॉर्डात दवंडी दिली, पत्रकं वाटली. तरणी पोरं म्हणाली, कंपनीत लावून देणार असाल तर येतो. आल्या त्या बायका, बावीस जणी. बहुतेकींना वाटलं होतं शिवणकामच असेल. अयोध्याबाई पहिल्या दिवशी दारातच थांबल्या. नवरा आडत बाजारात हमाल, घरी दोन मुली, स्वतःचं शिक्षण सातवीपर्यंत.

"बायांनी मोटर भरायची?" त्या म्हणाल्या. "लोक हसतील की सर."

"तुम्ही वेणी घालता ना पोरीची? तीन पेड कसे घालता, कुठला वर, कुठला खाली, हे पुरुषाला येतं का? तसंच हाय हे. तारच हाय. बसा."

बसल्या त्या. जळालेली तार काढायची, खाचा घासून साफ करायच्या, त्यात कागद बसवायचा, नवी तार मोजून गुंडाळायची, शेवटी व्हार्निश... मी आठवड्यातून एकदा हजेरीचे फोटो काढायला जायचो आणि तासभर बसायचो. फोटोला पाच मिनिटं पुरत होती. पण एखादीनं भरलेली मोटर पहिल्यांदा घरघरून फिरायची, तेव्हा त्या सगळ्या बायका जे गप्प व्हायच्या, ते बघायला मला आवडायचं. सर त्या वेळी चष्मा काढून पुसायचे.

प्रमाणपत्रं वाटली. मंडप, हार, भाषणं झाली. एका पाहुण्यांनी या भगिनी आता स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या असं सांगितलं, तेव्हा भगिनी खरोखरच उभ्या होत्या, कारण खुर्च्या कमी पडल्या होत्या. नंतर लातूरला रोजगार मेळावा होता. आम्ही त्यांना सकाळच्या एसटीनं घेऊन गेलो. सरांनी प्रत्येकीच्या पिशवीत तिनं भरलेली एकेक कॉइल, तारेचं वेटोळं, ठेवायला लावली होती. कुणी विचारलं तर काढून दाखवा म्हणाले. कुणीही विचारलं नाही. वय तिशीच्या आत का, दहावी झाली का, पुण्याला यायची तयारी आहे का, एवढंच कंपन्यांचे लोक विचारत होते. अयोध्याबाईंनी तरीही एका टेबलावर कॉइल काढून ठेवली. तिथल्या मुलीनं ती कागदानं बाजूला सरकवली आणि म्हणाली, "मावशी, हे काय आहे? पॅकिंगचं काम कराल का?" सर मागं उभे होते. पुढं होऊन त्यांनी कॉइल उचलली, शर्टाला पुसली आणि अयोध्याबाईंच्या पिशवीत परत ठेवली. येताना एका बाईंनी, त्या मेळाव्यात भेटलेल्या आणि आमच्याबरोबर एसटीत चढलेल्या, विचारलं, "तुमच्यातल्या किती जणींना काम लागलं?" आमच्या बावीस जणींतल्या पाच मुली पॅकिंगसाठी पुण्याला गेल्या. दोन महिन्यांत पाचही परत आल्या.

यानंतर सहीचं प्रकरण झालं. एजन्सीला योजनेच्या नियमाप्रमाणे निम्म्याहून जास्त लाभार्थी रोजगाराला लागल्याचं दाखवायचं होतं. नाहीतर पुढची तुकडी मिळणार नव्हती. त्यांच्या माणसानं यादी करून आणली. प्रत्येक नावापुढं लिहिलं होतं, 'स्वतःचे मोटर दुरुस्ती केंद्र सुरू'. खाली प्रशिक्षकाची सही हवी होती, आणि ती आणायचं काम माझ्याकडं आलं.

"सर, नुसती सही हाय. पुढची तुकडी चालू राहील, तुमचंही काम राहील," मी म्हणालो.

त्यांनी यादी दोनदा वाचली. "साहेब, अयोध्याचं केंद्र कुठं हाय?"

"कागदावर हाय, सर."

"मग मला दाखवा. जाऊन पाहू आपण दोघं. तिनं दुकान दाखवलं की मी तिथंच सही करतो."

मी त्यांची पुष्कळ समजूत काढली. सगळीकडं असंच चालतं, हेही म्हणालो. ते म्हणाले, "आज मी लिहून दिलं की ह्यांला काम मिळालं, तर उद्या ह्यांला काम द्या म्हणून कोणाला म्हणू?" सही झाली नाही. पुढची तुकडी मंजूर झाली नाही. यादीतल्या बायकांना मिळणार होत्या त्या अवजारांच्या पेट्याही आल्या नाहीत. जकात नाक्याला कुलूप लागलं, आणि किल्ली माझ्या कपाटात आली.

बायकांना हे कळलं. त्या एजन्सीवर चिडल्या नाहीत, नगरपरिषदेवरही नाही. सरांवर चिडल्या. मी तिथं होतो. अयोध्याबाई सरांच्या अंगणात उभ्या राहून ओरडत होत्या, "तुमचं काय गेलं असतं सर? एक सही! पेटी तरी आली असती माझ्या घरात. आमचं वाटोळं करून तुम्ही खरे झालात." सर उंबऱ्यावर बसून होते. ते फक्त म्हणाले, "हाव. बरोबर हाय तुमचं." त्यांनी तसं म्हणायला नको होतं असं मला तेव्हा वाटलं, आताही वाटतं.

मग त्यांनी घराच्या पडवीत स्वतःच टेबल टाकलं आणि बायकांना बोलावलं. चार-पाच जणी आल्या, अयोध्याबाईही आल्या. शेतकरी मोटर घेऊन यायचे, भरणार कोण म्हणून विचारायचे आणि परत उचलून न्यायचे. एकानं ठेवली. अयोध्याबाईंनी ती भरली, छान चालली, आणि पंधरा दिवसांनी कमी व्होल्टेजनं जळाली. नांदेडला भरलेल्या मोटरीही तशाच जळायच्या. पण ही बाईनं भरलेली होती. त्यानंतर पडवीत कुणी आलं नाही.

तरी माणूस थांबेना. एके सोमवारी ते हातानं लिहिलेला चार पानी प्रस्ताव घेऊन आले. नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्याच्या मोटरी जळतात, त्या भरायला नांदेडच्या ठेकेदाराकडं जातात, त्यापायी गावाला पाच-पाच दिवस पाणी येत नाही. तेच काम नाक्यात या बायकांना द्यावं, देखरेख मी विनामोबदला करीन, असं त्यात लिहिलं होतं. इतकी साधी, सरळ गोष्ट माझ्या नोकरीत माझ्या टेबलावर दुसरी आली नसेल. मी वरच्या साहेबांना तोंडी सांगितलं. ते म्हणाले, "ठेवा सध्या." मी ठेवला. टेबलाच्या खालच्या खणात.

त्यानंतर दर सोमवारी सर यायचे. "साहेब, काय झालं?" "प्रक्रियेत हाय, सर." ते मान हलवून जायचे. कधी चिडले नाहीत. चिडले असते तर मी कदाचित खण उघडला असता...

शेवटची भेट बसस्थानकावर झाली. चेहरा उतरला होता. छातीत दुखतं, नांदेडला तपासायला चाललोय म्हणाले. हातात गोळ्यांचं पाकीट. आणि तरी पहिला प्रश्न तोच. त्या चेहऱ्याकडं बघून मला 'प्रक्रियेत' म्हणवेना. मी म्हणालो, "सर, प्रस्ताव वर गेला. होईल आता." ते इतके खूश झाले, की गाडी लागली तरी चढेनात. मोबाइल काढून माझ्यासमोरच अयोध्याबाईंना फोन लावला. "अयोध्या, गेला बरं का वर. बायांला सांगून ठेव." मग खिडकीतून मला हात केला. दोन दिवसांनी ते वारले.

तेराव्याला मी गेलो. त्यांच्या बायकोनं, रुक्मिणबाईंनी, चहा दिला. म्हणाल्या, "तुमचं लई नाव घेत होते. दवाखान्यात नर्सला पण सांगून राहिले होते, आमच्या साहेबांनी काम केलं म्हणून." चहा संपवायला मला फार वेळ लागला. खरं काय ते सांगायचं मी घरून ठरवून गेलो होतो. सांगितलं नाही. ते आज इथं लिहितो आहे. रुक्मिणबाईंना वाचता येत नाही, हेही मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी प्रस्ताव खणातून काढला, टिप्पणी लिहिली आणि साहेबांपुढं ठेवला. आठवड्यानं परत आला. शेरा होता, 'प्रस्तावक मयत. नस्तीबद्ध करावे.' म्हणजे विषय बंद. मी फाइल बांधली. नाका आता आरोग्य विभागाला ब्लीचिंग पावडर ठेवायला दिला आहे. मोटरी नांदेडलाच जातात.

गेल्या रविवारी एका लग्नाला गेलो होतो. जेवणं उरकल्यावर हात धुवायला मंगल कार्यालयाच्या मागं गेलो, तर अयोध्याबाई भांड्यांच्या ढिगाशी उकिडव्या बसलेल्या. त्यांनी मला पाहिलं नाही. धुतलेली ताटं एकावर एक रचत होत्या आणि मोजत होत्या, "ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू..." सर तारेचे वेढे तेलुगूत मोजायचे. हैदराबादची सवय. मराठीत मोजलं की चुकतं म्हणायचे. बायकांनाही तेच आकडे बसले होते. एवढं भरभर, एका लयीत, बोटं न थांबवता... दहापर्यंत गेल्या की पुन्हा पहिल्यापासून. शेजारची बाई म्हणाली, "अगं मराठीत मोज की, मला कळंना." अयोध्याबाई म्हणाल्या, "मला येत न्हाई दुसरं." आणि पुढचं ताट ठेवलं.