आवाज बंद असलेलं शहर

रोझमेरीने ते शहर आधी पाहिलं ते टीव्हीवर, आणि तेही मुकं.

बहारीनच्या जुफैर भागातल्या एका खासगी हॉस्पिटलात ती डायलिसिसची नर्स होती. खोलीत खुर्च्या ओळीने लावलेल्या, प्रत्येक खुर्चीशेजारी मशीन. पेशंट यायचे, हातात सुया टोचून घ्यायचे आणि रक्त धुऊन परत अंगात येईपर्यंत पडून राहायचे. त्यांच्या विरंगुळ्यासाठी समोरच्या भिंतीवर टीव्ही होता. कुणी झोपलेलं असायचं, कुणी कण्हत असायचं, म्हणून त्याचा आवाज कायम बंद. प्रवासाच्या एका चॅनेलवर तोच तो कार्यक्रम पुन्हा पुन्हा लागे. युरोपातल्या टॅलिन नावाच्या शहराचा जुना भाग. लाल कौलं, टोपी घातल्यासारखे गोल बुरूज, दगडी गल्ल्या, आणि सगळ्यावर अलगद पडणारं बर्फ. बाहेर पार्किंगमधल्या गाड्यांना हात लावण्याची सोय नसे, इतके पत्रे तापलेले. आत ते बर्फ पडत राही.

सित्रा बेटावरून येणाऱ्या पेशंट कनीजच्या हे लक्षात आलं होतं. हज करून आलेल्या या म्हातारीचा एक हात मशीनला जोडलेला, दुसरा पक्षाघाताने गेलेला. डोक्यावरची काळी ओढणी घसरली की ती नुसती मान हलवायची, आणि रोझमेरी हातातलं काम ठेवून ती सारखी करायची.

"रोझ," ती आपल्या मोडक्या हिंदीत म्हणायची, "देखो, तेरा गाव आया."

"मेरा गाव वसई है, हज्जिया."

"वहाँ तो तू छुट्टी में भी काम करने जाती है."

आणि ते खरंच होतं. पंचविशीत बहारीनला आलेली रोझमेरी आता पन्नाशीला टेकली होती. लग्न केलं नव्हतं. तिच्या घरी 'लीव्ह' या शब्दाला एकच अर्थ होता, तो म्हणजे रोझ वसईला येणार. ती पोचायच्या आधीच घराने कामं काढून ठेवलेली असत. आईचे डोळे तपासायचे, गळकी कौलं बदलायची, कुणाचं तरी लग्न, कुणाचं तरी पहिलं कम्युनियन. बॅगा भरून न्यायच्या, रिकाम्या परत आणायच्या. भाऊ ऑगस्टीन कधी काही मागत नसे. मागायची वेळच येत नसे.

आईला ती दोघं 'आय' म्हणत. गावात लाल चौकड्यांचं लुगडं नेसणाऱ्या ज्या मोजक्या म्हाताऱ्या उरल्या होत्या, त्यांतली ती एक. ऑगस्टीनची बायको सॅब्रिना मुंबईत वाढलेली, त्यांची मुलगी तान्या नोकरीला जाणारी, मराठी कळणारी आणि इंग्रजीत बोलणारी. लुगडं नेसवता येणारी घरात रोझमेरी एकटीच, कारण लहानपणी निऱ्या धरायला आय तिलाच उभं करायची. गेल्या लीव्हला आयने कपाटातून एक कोरं लुगडं काढलं होतं.

"हे माझ्या पेटीचं. तू नेसव. ह्या पोरी मला गाऊन घालून पाठवतील."

"आय, काहीतरी बोलू नको."

"बोलते ते ऐक. आणि पदर डोक्यावरून. उघड्या डोक्याने मी कधी अंगणात नाही गेले, देवासमोर कशी जाऊ?"

"नेसवीन," रोझमेरी म्हणाली होती. "मीच नेसवीन, झालं?"

त्या हिवाळ्यात तिची थोडी लीव्ह शिल्लक होती. हेड नर्स अरीबाने अर्जावर सही करता करता विचारलं, "पुन्हा वसई?" आणि रोझमेरीच्या तोंडून निघून गेलं, "नाही. टॅलिन." अरीबाने मान वर केली, हसली आणि म्हणाली, "शेवटी!"

घरी काय सांगायचं हा प्रश्न होता. आय गुडघ्यांनी अंथरुणाला खिळलीय आणि लेक युरोप बघायला गेलीय, हे वाक्य तिला कुणी बोलायच्या आधीच ऐकू येत होतं. तेवढ्यात आयने फोनवर स्वतःच विचारलं, "नाताळानंतर येशील?"

"लीव्ह नाही मिळाली, आय."

"मेले ते हॉस्पिटलवाले," आय म्हणाली. आणि मग, "जेवतेस ना वेळेवर?"

इतकं सोपं होतं ते.

टॅलिनला पोचल्यावर पहिला दिवस ती नुसती चालली. गल्ल्या चढत्या होत्या, दगडांवर बर्फाचा पातळ थर होता, आणि तिचे बूट वॉर्डातल्या फरशीवर चालायच्या सवयीचे. ती भिंतीला हात लावून चालली. बुरूज टीव्हीत दिसायचे त्याहून काळे होते. एका दुकानात तिने गरम सूप प्यायलं आणि बराच वेळ वाडग्याभोवती हात धरून बसली. दिवसभरात कुणी तिला 'सिस्टर' म्हणून हाक मारली नाही. फोटो तिने एकही काढला नाही. फोनमधला फोटो आज ना उद्या घरी पोचतोच. रात्री जेवताना आपण एकट्याच हसतोय हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने घाईने खिडकीकडे तोंड वळवलं.

एक गोष्ट मात्र टीव्हीने तिला दाखवली नव्हती. या शहरात घंटा होत्या. तिच्या खोलीसमोरच्याच ख्रिस्ती देवळाची घंटा पहिल्यांदा वाजली तेव्हा ती दचकली. एवढी वर्षं पाहिलेल्या शहराला आवाजही असेल, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेकडीवरच्या सज्जात उभी होती. खाली सगळी कौलं पांढरी झालेली, समुद्र राखेच्या रंगाचा. फोन वाजला. ऑगस्टीन होता.

"बाय," तो मोठ्या बहिणीला नेहमी मारायचा तीच हाक मारून म्हणाला, "आय गेली."

झोपेतच गेली होती. पहाटे सॅब्रिना चहा घेऊन गेली तेव्हा हात गार लागला.

"उद्या दुपारी ठेवलंय. फादरांशी बोललो. तू संध्याकाळचं विमान पकड, मी आणायला येतो. आयला शवागारात ठेवलीय. लुगडं काढून ठेवलंय, तू आलीस की नेसव."

वसईच्या त्या गावांत घराघरातून कुणी ना कुणी आखातात असतं, आणि माती त्यांच्यासाठी थांबते. पेटीचं झाकण ते आल्याशिवाय लावत नाहीत. बहारीन किती लांब हे शाळेतलं पोरही सांगतं. संध्याकाळी बसलं की झोपायच्या वेळेला मुंबई.

रोझमेरी तिथेच दगडी कठड्याला टेकून विमान कंपनीशी बोलत राहिली. त्या दिवशीचं काही मिळत नव्हतं. दुसऱ्या दिवशीची एक जागा होती, इस्तंबूलवरून. म्हणजे माती झाल्यानंतरची सकाळ. एका दिवसाचाच प्रश्न होता. जहाजावरच्या पोरांसाठी गावाने याहून जास्त वाट पाहिलेली होती. ऑगस्टीनला नुसतं सांगायचं होतं की मी बहारीनला नाही.

तिने फोन लावला.

"मिळालं तिकीट?"

"ऑगस्टीन, मला उद्या नाही पोचता येणार."

"का?"

तिने तोंड उघडलं. गार हवा दातांना लागली.

"सोडत नाहीत ना?" तोच म्हणाला. "बोल ना बाय. सोडत नाहीत? अख्खं आयुष्य खाल्लं तुझं, आणि आई मेली तर एक दिवस सोडवत नाही? नंबर दे मला त्यांचा. दे, मी बोलतो!"

"नको."

"घाबरतेस काय त्यांना? बरं, किती थांबू सांग. परवा? तेरवा?"

दार उघडंच होतं. 'परवा' एवढा एक शब्द पुरला असता. पण त्या शब्दामागून इस्तंबूल आलं असतं, अंगातला जाड कोट आला असता, अंगणात बसलेल्या बायका आल्या असत्या. आयने शेवटचं काही मागितलं आणि आपण काय सांगितलं, हे तिच्या पेटीशी उभं राहून सगळ्यांच्या देखत ऐकावं लागलं असतं.

"थांबू नका," ती म्हणाली.

पलीकडे ऑगस्टीन रडायला लागला. त्याला बहिणीचीच कीव येत होती.

दुसऱ्या दिवशी सॅब्रिनाने व्हिडिओ कॉल लावला. "बाय, आम्हांला येत नाही. तुम्ही सांगा, आम्ही करतो." रोझमेरीने आधीच पडदा ओढून घेतला होता. स्वेटर काढून साधा सुती ब्लाऊज घातला होता आणि भिंतीला पाठ लावून बसली होती. थंडीने दंडावर काटा उभा राहिलेला. फोन तान्याने धरला होता. आय पलंगावर होती, लहान दिसत होती.

"सॅब्रिना, आधी तिला कुशीवर घे. खांद्याला आणि कंबरेला एकदम हात लाव. ओढू नको, वळव."

"जड झाल्यात हो."

"होतात. शेजारणीला पलीकडून धरायला सांग. आता लुगड्याचं टोक तिच्या अंगाखाली सरकव. हां. परत उताणी कर. गाठ घट्ट नको, तिला काचते."

काचते, असंच ती म्हणाली.

मग निऱ्या. ती स्वतःच्या मांडीवर चादर घेऊन एकेक निरी घालून दाखवत गेली आणि पलीकडे सॅब्रिनाची बोटं तिच्यामागून चालत राहिली. एकदा चुकलं, सोडून पुन्हा घातलं. "मस्त बसल्या," शेजारीण म्हणाली. "म्हातारी खूश असेल." हुंदके देता देता सॅब्रिना हसली. रोझमेरीही हसली. तेवढा वेळ ती खरंच त्या खोलीत होती.

"आता पदर," ती म्हणाली. "पदर असा मागून घे, खांद्यावरून, आणि..."

समोरच्या देवळात घंटा वाजायला लागली.

रविवार होता. एक घंटा नाही, सगळ्या. खोलीच्या काचा थरथरल्या. रोझमेरी ताडकन उठून खिडकीकडे गेली, फट राहिली होती ती बंद करायला. फोन हातातच होता, हे तिला पडदा सरकल्यावर कळलं.

"कसला आवाज हा?" सॅब्रिनाने डोळे पुसत विचारलं. "चर्चमध्ये आहात का?"

तान्या फोनच्या स्क्रीनकडे बघत होती. रोझमेरीच्या खांद्यामागे पांढरी कौलं होती, बुरूज होता, आणि अलगद पडणारं बर्फ.

रोझमेरीने कॉल कापला.

पुन्हा लावावा म्हणून ती घंटा थांबायची वाट पाहत बसली. त्या फार वेळ वाजल्या. थांबल्या तेव्हा तिने ऑगस्टीनला फोन केला. तो म्हणाला, "आत्ताच पेटी बाहेर काढली, बाय. चाललो आम्ही."

बहारीनला परतल्यावर अरीबाने तिला मिठीच मारली. "वेड्ये, तिथून फोन का नाही केलास? मी तुझं सगळं करून दिलं असतं. आत्ता जा. आज सही करते."

"नको."

"अगं, आई आहे तुझी!"

"महिन्याने तिच्यासाठी चर्चमध्ये मिस्सा असेल, तेव्हा जाईन," रोझमेरी म्हणाली. आत्ता गेली असती तर अंगणात बसून या बाईला आणि या हॉस्पिटलला घातलेल्या शिव्या ऐकाव्या लागल्या असत्या, आणि मान डोलवावी लागली असती.

फोटो तान्याने पाठवला. अंगणात उघडी पेटी, भोवती सगळं घर उभं. लुगडं सुरेख बसलं होतं. निऱ्या सरळ. पदर खांद्यावरून घेऊन कुशीला नीट खोचून टाकलेला. आणि आयचं डोकं उघडं होतं. तेल लावून चापून बसवलेले पांढरे केस, मधोमध भांग, सगळ्या गावासमोर.

खाली तान्याने इंग्रजीत विचारलं होतं, कॉल बंद झाला तेव्हा काही सांगायचं राहिलं होतं का?

रोझमेरीने दोनदा लिहून खोडलं. मग लिहिलं, "पदर डोक्यावरून घ्यायचा होता."

तान्याने वाचलं. ती लिहू लागली, थांबली, पुन्हा लिहू लागली. शेवटी एवढंच आलं, "डॅडींना मी काही सांगितलेलं नाही."

रोझमेरीने फोन खिशात टाकला. मशीन बीप करत होतं. कनीजची पाळी होती. टीव्हीवर तेच शहर लागलं होतं, आवाजाविना.

"रोझ," कनीज म्हणाली. तिला बातमी कळली होती, आणि ती आज शहराबद्दल बोलली नाही. "माँ को देखा?"

"देखा."

"अपने हाथ से किया सब?"

रोझमेरी नळी तपासत होती. ती तिने पुन्हा तपासली.

"हाँ, हज्जिया."

"अल्हम्दुलिल्ला," म्हातारी म्हणाली आणि तिने डोळे मिटले. तेवढ्याने तिची ओढणी मागे घसरली. तिने मान हलवली.

रोझमेरीने ओढणी कपाळापर्यंत ओढून सारखी केली. मग, ती घसरलेली नसतानाही, पुन्हा एकदा केली.