उडीवाल्या सरांचा एक मार्क

उडीवाले सर स्वतः फळ्याजवळच्या पायरीवरूनही भिंत धरून उतरत. नाव पडलं ते त्यांच्या प्रश्नावरून. धंतोलीतल्या आमच्या क्लासमध्ये नवं पोरगं आलं की ते भौतिकशास्त्राची सुरुवातच अशी करत, "पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानातून खाली उडी मारली, त कुठं पडशील गा?" पोरगं म्हणे, सरळ खाली.

"नाही पडत. यानाचा वेग तुह्या अंगात आहेच ना. पायानं कितीही ढकल, दीड तासात पृथ्वीले चक्कर मारून यानाजवळच येशील. पडायचं असंन त आधी पुढचा वेग सोडा लागते. तेवढा जोर कोणाच्या पायात नाही." मग ते त्याला स्कूटरवर मागे बसवून चालत्या गाडीवरून संत्रं सोडायला लावत. संत्रं गाडीसोबत पुढे गडगडे. सर थांबून ते उचलत, पुसत आणि खात.

एका चाचणीत नेमका हाच प्रश्न आला. संत्रं मीही सोडलं होतं, तरी घाईत पहिल्याच पर्यायावर खूण केली: सरळ खाली. क्लासच्या छापील उत्तरांतही तेच होतं. सरांनी तरी मार्क कापला आणि मी पहिल्या बॅचमधून घसरलो. बाबा सावनेरहून तक्रार घेऊन आले. संचालक म्हणाले, "सर, एका मार्कानं काय होते? देऊन टाका, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"माह्या घरचा असता त दिला असता," सर म्हणाले आणि निघून गेले. दीड तासानं परत आले. डबा राहिला होता. "पाह्य, उडीचं असंच असते," जाताना मला म्हणाले. मला मार्क मिळाला, पहिली बॅचही मिळाली. शिकवायला सर नव्हते. फार लाज वाटली, पण माफी मागायला गेलो नाही.

आता मी कन्हानला भौतिकशास्त्रच शिकवतो. गेल्या वर्षी सर दवाखान्यात आहेत असं कळलं. जाऊन म्हणालो, "सर, माझ्यामुळं तुमची नोकरी गेली. चुकलं माझं."

सरांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. "ते राहू दे. उडी मारली त कुठं पडशील गा?"

"पडत नाही सर. दीड तासानं परत तिथंच."

त्यांनी उशाशी बसलेल्या पत्नीकडून पेन मागून घेतलं आणि माझ्या डाव्या तळहातावर १ लिहिला. "हा तुह्या हक्काचा."

दोन दिवस मी त्या हाताला पाणी लागू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सर गेले. घाटावरून आल्यावर आंघोळ करावीच लागली.