मुठीचे तांदूळ

आम्हा ख्रिस्ती लोकांत भात टाकण्याआधी मूठभर तांदूळ देवळासाठी, म्हणजे चर्चसाठी, वेगळ्या डब्यात काढतात. रविवारी बाया ते देवळात नेऊन देतात. माझी बायको सुशीला मूठ काढताना डोळे मिटते आणि शेजारणीशी बोलावं तशी प्रभूशी बोलते. कालवण खारट झालं, गुडघा दुखतो, सगळं त्याला सांगते. मला त्यातलं काही सांगत नाही.

मी शिकलो चौथीपर्यंत, पण देवळात पहिल्या बाकावर बसतो आणि प्रार्थना माझीच सगळ्यांत लांब असते. तरी ज्याला मी रविवारी शोधायला जातो, तो रोज हिच्या डब्यापाशी येऊन उभा राहतो असं वाटतं. मला ते खुपतं.

आज ती चूल पेटवत होती, तेव्हा मूठ मीच काढली, चांगली भरभरून.

डब्यात बघून ती म्हणाली, "अहो, एवढी? ही प्रभूसाठी, का मला दाखवायला?"

"तू भात टाक," मी म्हणालो.

ती हसत चुलीकडे वळली. मी तिथंच उभं राहून डोळे मिटले. लांब प्रार्थना काही सुचेना. एवढंच म्हणालो, "प्रभू, मला हिचा हेवा वाटतो रे." त्याच्याशी असं मी कधी बोललो नव्हतो.